दोनशे चौदावी खिंड

रात्रीच्या जेवणाला सायकल सहलीची आखणी करणाऱ्या जोझेतने नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, "उद्याची मेर्लची खिंड आधी कोण चढलंय?"

बारा जणांत एकट्या मोरीसचा हात वर गेला.

"कधी रे?"

"झाली असतील नऊ वर्षं."

"कोणाबरोबर?"

 मोरीसने सुपात पावाचा तुकडा बुडवला आणि मग तोच तुकडा चमच्याने शोधत बसला. जोझेत पुन्हा नकाशात घुसली. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या रेजिसचा घास तोंडातच राहिला.

रेजिस अडुसष्ट वर्षांचा होता. हयातभर त्याने फ्रान्समधल्या साव्वा प्रांताच्या डोंगराळ गावांत लोकांच्या घरी नळ आणि हीटर बसवले. निवृत्त झाला तरी हातात पाना धरल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. गावच्या सायकल क्लबात तो तीस वर्षं होता, आणि त्यातली सव्वीस वर्षं त्याला कोणी एकटं पाहिलं नव्हतं. तो आणि त्याची बायको सोलांज जोडसायकल चालवत. एकामागे एक दोन सीटा, दोघांना आपापली पेडलं, पण हँडल आणि ब्रेक फक्त पुढच्याच्या हातात. पुढे रेजिस, मागे सोलांज.

सोलांजला जाऊन आता दीड वर्ष होत आलं होतं.

या क्लबात प्रत्येकाजवळ एक वही असते. चढलेली प्रत्येक नवी खिंड तिच्यात लिहायची. क्रमांक, नाव, उंची, तारीख. नियम एकच, पण कडक. खिंड आपल्या पायांनी चढायची. थांबा, बसा, सायकल हातात धरून चाला, सगळं चालतं. पण दुसऱ्या कोणाचा हात पाठीला लागला, त्याने ढकललं, की ती खिंड बाद. तपासायला कोणी येत नाही. तरी कोणी खोटं लिहीत नाही. घरी बायकोशी, दारूच्या दुकानात मित्रांशी वाट्टेल त्या थापा मारणारी माणसं खिंडीच्या बाबतीत मात्र अक्षरशः खरं बोलतात.

रेजिस आणि सोलांजच्या वह्या दोन होत्या, पण आकडा एकच. सायकलच एक, तर आकडा वेगळा कसा होणार? वर्षाअखेरीला क्लबला आकडा कळवायचा तोही दोघांच्या वतीने रेजिसच कळवी. सोलांज गेल्यावर तीन महिन्यांनी तिच्या कपाटातून तिची वही निघाली. शेवटचा आकडा दोनशे चौदा. रेजिसच्या वहीत दोनशे तेरा. मोजताना चुकली असेल, असं त्याला वाटलं. दोन्ही वह्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तो एकेका नावावर बोट ठेवत गेला. चूक नव्हती. तिच्या वहीत एक नाव जास्त होतं. मेर्लची खिंड, दोन हजार एकशे चाळीस मीटर, चौदा जून. वर्ष बघितल्यावर तो खुर्चीत मागे रेलला. त्या जूनमध्ये तो गुडघ्यांच्या उपचारासाठी तीन आठवडे गरम झऱ्यांच्या गावी होता आणि सकाळ संध्याकाळ पायांना चिखलाचे लेप लावून घेत होता. रोज फोन व्हायचा. सोलांज रोज म्हणायची, "इकडे काही नवीन नाही."

तेव्हापासून एकच प्रश्न त्याला डाचत होता. कोणाबरोबर? एकटी गेली नसणार, तिच्याकडे एकटीची सायकलच नव्हती. आणि आता नऊ वर्षांपूर्वी, म्हणजे त्याच साली, मेर्ल चढलेला माणूस त्याच्यासमोर बसून सुपात पाव शोधत होता.

सकाळी साडेसहाला सगळे अंगणात सायकली काढत होते, तेव्हा मोरीस त्याच्याजवळ आला. मोरीस एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त पोस्टमन. लग्न केलं नाही. अंगावर मांस नाही आणि चढावर धाप नाही. क्लबातल्या सगळ्या बायकांचं त्याच्यावाचून अडायचं. पंक्चर काढायला मोरीस, पाण्याच्या बाटल्या भरायला मोरीस, जेवणानंतर गोष्ट सांगायला मोरीस. त्याच्या गोष्टींना सर्वांत जोरात हसायची ती सोलांज. रेजिसला हे आज आठवलं असं नाही. आज ते टोचलं.

"रेजिस, ऐक माझं," मोरीस म्हणाला. "दुपारनंतर तू व्हॅनमध्ये बस. जोझेतचा नवरा सामान घेऊन दरीतल्या रस्त्यानं जाणारच आहे. मेर्लचे शेवटचे तीन किलोमीटर फार वाईट आहेत, लेका. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझे मी बघीन."

"तुझ्या चांगल्यासाठीच सांगतोय."

"वर असं काय आहे मोरीस, की मी बघू नये?"

मोरीस चेन पुसत होता. त्याचं फडकं थांबलं. "पाटी आहे. वारा आहे. आणखी काय असणार?"

"मग बघतो की मी पाटी आणि वारा."

पहिली खिंड सोपी होती, दोघांच्याही वह्यांत आधीच असलेली. देवदारांच्या सावलीतून सात किलोमीटर. रेजिस मुद्दाम मोरीसच्या मागे राहिला. पुढे मोरीसच्या पिंढऱ्या सुतारकामाच्या यंत्रासारख्या एकाच लयीत वर खाली होत होत्या. रेजिसच्या मनात नको ते हिशोब सुरू झाले. ख्रिसमसच्या क्लबच्या जेवणात सोलांज मोरीसशेजारी किती वेळा बसली? तिच्या वाढदिवसाला मोरीसने जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या आणल्या होत्या, त्या किती? तीन. कोणी नुसता मित्र तीन बरण्या आणतो? आणि दफनाच्या दिवशी रेजिस कोरड्या डोळ्यांनी उभा होता, कारण शवपेटी उतरवणाऱ्यांनी दोर वाकडा धरला होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या दोराकडे होतं. त्या वेळी मागे कोणीतरी हमसाहमशी रडत होतं. मोरीस. नवऱ्याच्या आधी मोरीस रडला. तेव्हा रेजिसला वाटलं होतं, किती मऊ मनाचा माणूस. आता त्याला वाटलं, आपण किती बावळट.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हेच खरं दुखणं होतं. सोलांज असती तर त्याने स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं असतं, तिने भांडं आपटलं असतं, दोन दिवस अबोला झाला असता आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी कळलं असतं. आता कळायचं तर फक्त या माणसाकडून. आणि काय कळेल या भीतीने त्याचं तोंड उघडत नव्हतं. सव्वीस वर्षं जी बाई आपल्या पाठीशी टेकून होती, ती खरंच आपल्या पाठीशी होती का? आज वर पोचण्याआधी त्याला याचं उत्तर हवं होतं. आणि ती खिंड हवी होती. दुसऱ्या कोणाबरोबर तिने चढलेली एकही खिंड आपल्या वहीत कमी राहू नये, एवढं तरी.

दुपारी बाराला सगळे पायथ्याच्या गावात थांबले. कॅफेत कॉफी पिऊन प्रत्येकाने इथून गेल्याची खूण म्हणून आपल्या सहलीच्या कार्डावर शिक्का मारून घेतला. चर्चच्या पायऱ्यांवर बसून पाव, सॉसेज आणि कडक चीज खाल्लं. उन्हाने पायऱ्या तापल्या होत्या. कॅफेच्या नळावर बाटल्या भरायला रांग लागली, तसा मोरीस रेजिसची बाटली उचलून चर्चच्या मागे गेला आणि गार पाणी घेऊन आला.

"मागे झरा आहे. वर आता कुठं पाणी नाही, हे सांभाळून पी."

"तुला बरं माहीत."

"मी आधी आलोय ना."

"हो. तू आधी आलायस," रेजिस म्हणाला आणि ते पाणी त्याने पायरीवर ओतून दिलं. मग रांगेत उभा राहून त्याने कोमट पाणी भरलं. जोझेतने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय चाललंय तुमचं? शाळेतली पोरं आहात का?"

"मला याचं पाणी आवडत नाही," रेजिस म्हणाला.

"पाणी त्याचं नाही, डोंगराचं आहे," जोझेत म्हणाली. "आणि चौदा किलोमीटर चढ आहे. रुसायचं असेल तर वर जाऊन रुसा."

मेर्लचा घाट सुरुवातीपासूनच माणसाला तोलून बघतो. पहिले पाच किलोमीटर गवताळ उतारांतून, सावली नाही. मग रस्ता खडकाला चिकटतो आणि वळणामागून वळण सुरू होतं. डांबर वितळून टायरला चिकटत होतं. बाकीचे दहा जण हळूहळू पुढे गेले. त्यांचे रंगीत शर्ट आधी एका वळणावर, मग दोन वळणं वर दिसले, मग दिसेनासे झाले. मोरीस मात्र रेजिसच्या शेजारी राहिला.

"तू जा पुढे."

"मला घाई नाही."

"मला तुझी सोबत नको आहे, समजतंय का?"

"समजतंय. तरी मी थांबतोय. एकट्याला इथं काही झालं तर खाली कळायला संध्याकाळ होईल."

आठव्या किलोमीटरला रेजिसचे गुडघे बोलायला लागले. नवव्याला पाठ. एकट्याची सायकल त्याने मागच्या उन्हाळ्यात घेतली होती आणि अजून तिच्याशी जमलं नव्हतं. जोडसायकलवर आपण दमलो की मागून जोर यायचा. बोलायची गरज नसे. चढावर सोलांजला त्याच्या श्वासावरून कळायचं आणि पेडल एकदम हलकं व्हायचं. आता पेडल हलकं होत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा सवयीने वाट बघत होता आणि पुन्हा पुन्हा मागे कोणी नव्हतं.

दहाव्या किलोमीटरच्या दगडापाशी मोरीसने काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच जोर दिला.

रेजिसने अंग झटकलं. सायकल हेलकावली, पडता पडता वाचली. "हात काढ! माझी खिंड बाद करतोस?"

"एवढ्याशानं बाद होत नाही. मी नुसता..."

"तुझा हात माझ्या घरातल्या कशालाच लागायला नको होता."

मोरीसने हात परत हँडलवर नेला. दोघे एक वळण चढले. खाली दरीत गाईंच्या घंटा वाजत होत्या.

"सोलांज इथं तुझ्याबरोबर आली होती?" रेजिसने विचारलं. बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून शब्द तुटक आले.

"हो," मोरीस म्हणाला.

एवढंच. रेजिसला वाटलं होतं तो नाकारेल, आढेवेढे घेईल. ते 'हो' त्याच्या छातीत गरम पाण्यासारखं उतरलं. त्याने गिअर जड केला, सीटवरून उठला आणि पेडलवर उभा राहून सुटला. कुठून ताकद आली देव जाणे. मोरीस मागे पडला. एक वळण, दोन वळणं. कानांत नुसते ठोके. त्याला फक्त वर जायचं होतं, मोरीसच्या आधी, मोरीसशिवाय. तिसऱ्या वळणावर डाव्या मांडीत गोळा आला. त्याने दात आवळले. मग उजव्या मांडीत आला. सायकल भर रस्त्यात थांबली आणि तो तिच्यासकट आडवा झाला.

मोरीस पोचला तेव्हा रेजिस रस्त्याकडेच्या दगडी कठड्याला टेकून बसला होता. कोपर खरचटलं होतं. मांड्यांमधले गोळे शर्टातल्या उंदरांसारखे हलताना दिसत होते. मोरीसने त्याचा पाय उचलून आपल्या खांद्यावर घेतला आणि टाच दाबून धरली. रेजिस ओरडला, पण पाय सोडवण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती.

"पाणी पी."

"सांग आधी."

"पी, मग सांगतो."

तो प्यायला. मोरीसने दुसरा पाय धरला आणि त्या पायाकडे बघतच बोलायला लागला.

"तू चिखलात बसला होतास त्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, 'मोरीस, माझ्यामागं बसशील का?' मला आधी कळेचना. म्हणाली, 'मला एकदा पुढं बसायचंय. मेर्लवर. तिकडं क्लबचं कोणी जात नाही.'"

रेजिसने मान वर केली. "पुढे?"

"पुढे. तुमच्याच जोडसायकलवर."

"आमच्या सायकलवर? माझ्या गॅरेजातून काढून?"

"तिचीही होतीच ना ती अर्धी? तूच सांगत फिरायचास."

 सोलांजने रेजिसला दोनदा विचारलं होतं. एकदा लग्नाच्या दहाव्या वर्षी, एकदा त्यानंतर कधीतरी. 'एकदा मला पुढे बसू दे ना.' तो म्हणाला होता, 'जड माणूस पुढे बसतो. ब्रेक म्हणजे खेळ नाही.' तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्याने समजूत करून घेतली, तिला पटलं.

"माझा विश्वास नाही," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"तुझी सीट चार बोटं खाली घेतली होती आम्ही. ती बुटकी ना. मग संध्याकाळी परत वर केली, अंदाजानं."

"अर्धा सेंटिमीटर कमी केलीत," रेजिस एकदम म्हणाला. "अर्धा सेंटिमीटर! मी तो सबंध उन्हाळा तिथला बोल्ट आवळत होतो. बोल्ट सरकतो म्हणून नवीन आणला. दुकानदाराला शिव्या दिल्या!"

मोरीसच्या तोंडाचा कोपरा हलला. "मी सांगितलं होतं तिला, तो नळवाला आहे, त्याला कळेल. ती म्हणाली, कळलं तर बरंच."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होती. तू आल्याबरोबर सांगणार होती. आणि तू येताना तिच्यासाठी काय घेऊन आलास?"

रेजिसला आठवलं. झऱ्यांच्या गावात एक सायकलचं दुकान होतं. लेप वाळेपर्यंत बसायचा कंटाळा यायचा म्हणून तो रोज तिथे जाऊन उभा राहायचा. शेवटच्या दिवशी त्याने चामड्याची सीट घेतली, बायकांसाठीची, रुंद. मागच्या जागेसाठी. घरी आल्या आल्या त्याने ती बसवली आणि म्हणाला, 'घे, आता मरेपर्यंत तुला मागे त्रास नाही.' सोलांज सीटकडे बघत राहिली होती. मग हसली, आणि बराच वेळ त्याला सोडलं नाही. तो खूश झाला होता. त्याला वाटलं, केवढी आवडली.

"दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली," मोरीस म्हणाला. "म्हणाली, 'आता कसं सांगू? त्याला वाटेल मी इतकी वर्षं मागं बसून झुरत होते.' मला शपथ घातली."

"झुरत होती?"

"ते मला नाही माहीत. झुरणारी बाई वाटायची नाही. पण त्या दिवशी..." 

"त्या दिवशी काय?"

"जाऊ दे."

"मोरीस, तू मागे बसला होतास. चौदा किलोमीटर. सांग काय दिसलं."

"पाठ दिसते मागून, दुसरं काय?"

"तेच विचारतोय."

मोरीसने त्याचा पाय खाली ठेवला आणि शेजारी कठड्यावर बसला. "शर्टाचं लेबल बाहेर आलं होतं. मी सांगितलं तर म्हणाली, 'राहू दे, हात रिकामा नाही.' मान उन्हानं लाल झाली होती. वळण आलं की वळणाशी बोलायची. 'ये, ये, तूही ये.' गवंड्यासारखी थुंकायची, लेका. मला वाटलं नव्हतं बाई अशी थुंकत असेल. आणि शेवटच्या तीन किलोमीटरला घाण घाण शिव्या. कुठं शिकली?"

"माझ्याकडून," रेजिस म्हणाला.

"वर पोचल्यावर उतरेचना. पाटीला पाय टेकवून, हँडल धरून बसून राहिली. मी खाली उतरून पाय मोकळे केले, सफरचंद खाल्लं, तरी ही बसलेलीच. मग उतारावर अशी सुटली की मी तीनदा देवाचं नाव घेतलं. मी चर्चमध्ये फक्त लग्नांना जातो, तुला माहीत आहे. ब्रेक तिच्या हातात आणि मी मागं पोत्यासारखा. ओरडलो तर म्हणते, 'आता कळलं का मागं बसणं म्हणजे काय?'"

रेजिसला हसू आलं. आणि हसता हसता त्याला इतका मत्सर वाटला की आधीचा त्याच्यापुढे काहीच नव्हता. सकाळपासून तो ज्या गोष्टीने जळत होता ती घडलीच नव्हती. जी घडली होती ती जास्त जिव्हारी लागली. त्याने बायकोला सायकल चालवताना कधीच पाहिलं नव्हतं. दोनशे तेरा खिंडी, आणि एकदाही नाही. ती मागे होती. तिला त्याच्या शर्टाचं प्रत्येक भोक ठाऊक होतं, कोणत्या चढावर त्याचा उजवा खांदा पडतो ते ठाऊक होतं. त्याला मात्र तिची लाल झालेली मान माहीत नव्हती. ती या पोस्टमनला माहीत होती.

"तू माझ्या आधी रडलास," तो म्हणाला.

"कधी?"

"दफनाच्या वेळी."

"हो," मोरीस म्हणाला. "मला ती फार आवडायची. सगळ्या क्लबाला माहीत होतं. तिलाही. एक तुलाच माहीत नव्हतं, कारण तू पुढे बघत असायचास. पण तिनं मला मागं बसवलं रेजिस, एवढंच. एकदा."

 रेजिसला राग होता, पण तो धरायला जागा सापडत नव्हती. थोड्या वेळाने त्याने कठडा धरून स्वतःला उभं केलं. मांड्या थरथरत होत्या.

"चालत जाऊ," मोरीस म्हणाला. "दीड किलोमीटर राहिलंय. सायकल हातात धरून हळूहळू. चाललेलं नियमात बसतं. तुझी दोनशे चौदावी होऊन जाईल."

तुझी दोनशे चौदावी. म्हणजे याला तोही आकडा ठाऊक. रेजिसने सायकल उचलली, हँडल सरळ केलं, मागचं चाक फिरवून बघितलं. दहा पावलं चालला. मग थांबला आणि टांग टाकून सीटवर बसला.

"अरे, वेडा आहेस का? पेडल फिरणार नाही तुझ्यानं."

"नाही फिरणार," रेजिस म्हणाला. "हात ठेव पाठीवर."

"खिंड बाद होईल."

"होऊ दे."

"रेजिस, याच्यासाठीच तर तू सकाळपासून..."

"ठेव म्हटलं ना हात. तिनं तुला मागे बसवलं होतं ना? मग ढकल."

मोरीसने हात ठेवला. हाडकुळा, कडक हात, चाळीस वर्षं लोकांच्या पेट्यांत पत्रं टाकलेला. एका हाताने आपली सायकल सांभाळत, दुसऱ्याने रेजिसला रेटत तो शिव्या द्यायला लागला.  सोलांज घालायची तशाच शिव्या, रेजिसच्याच, फिरून त्याच्याकडे आलेल्या. दर शंभर मीटरवर दोघे थांबत. रेजिस वळणं बघत होता. हे वळण तिने पाहिलं, पुढून, समोर कोणाची पाठ नसताना. हेही पाहिलं.

वर वारा होता आणि पाटी होती, मोरीस म्हणाला होता तशीच. बाकीचे दहा जण जाकिटं घालून दगडांवर बसले होते. क्लबची रीत अशी की शेवटचा माणूस पोचेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोझेत यादी घेऊन पुढे आली. तिने मोरीसचा हात रेजिसच्या पाठीवरून निघताना पाहिला होता आणि लगेच दुसरीकडे बघितलं होतं.

"रेजिस, मेर्ल. लिहू ना? दोनशे चौदा?"

"नको लिहू. याने ढकललं मला."

"मी काही पाहिलं नाही बाबा. माझ्या डोळ्यांत वाऱ्यानं धूळ गेली होती."

"मला लागला ना हात. दोनशे तेराच."

"अरे, दीड किलोमीटरसाठी एवढी खिंड घालवतोस?"

"सोलांजच्या वहीत आहे ही," रेजिस म्हणाला. "दोनशे चौदा तिच्या. लिहून ठेव तुझ्या यादीत, राहून गेलं होतं."

जोझेतने त्याच्याकडे पाहिलं, मोरीसकडे पाहिलं. मग यादीत लिहिलं.

"म्हणजे ती एकाने पुढे," ती म्हणाली.

"हो."

मोरीसने खिशातून सफरचंद काढलं, चाकूने दोन तुकडे केले आणि एक पुढे केला. रेजिसने तो घेतला. ते पाटीशी उभे राहून खात होते. रेजिस पाटीच्या खांबाकडे बघत होता, तिने पाय कुठे टेकवला असेल ते शोधत. खांबाला खूप ओरखडे होते. त्यातला कोणता, ते सांगायला मार्ग नव्हता.

"कोणता पाय टेकवला होता?" त्याने विचारलं.

"डावा," मोरीस म्हणाला.

तेही याला माहीत होतं.

"तुझा मला राग येतो, मोरीस. अजून येतो."

"येऊ दे की. मी कुठं चाललोय?"

खाली उतरायची वेळ झाली. सगळ्यांनी जाकिटांच्या चेन गळ्यापर्यंत ओढल्या. मोरीस सवयीने बाजूला झाला, रेजिसला पुढे जायला वाट देत. सव्वीस वर्षं जोडसायकल सगळ्यांच्या पुढे उतरायची, जड असते म्हणून.

"तू पुढे हो," रेजिस म्हणाला.

"का रे?"

"हो म्हणतोय ना. आणि तिने लावले होते तिथेच ब्रेक लाव. जिथे तू देवाचं नाव घेतलंस, तिथे सांग."

मोरीस पुढे निघाला. रेजिस त्याच्या मागे, दोन सायकलींचं अंतर ठेवून. पहिल्या वळणावर मोरीस वाकला तसा तो वाकला. समोर दरी होती, बर्फाची शिखरं होती, ती त्याला दिसत नव्हती. त्याला फक्त एक निळं, वाऱ्याने फुगलेलं जाकीट दिसत होतं.

"इथे पहिल्यांदा!" मोरीस मान न वळवता ओरडला.

"तुझी पाठ काही बघण्यासारखी नाही, लेका!" रेजिस मागून ओरडला.

"माझी कुठं बघायचीय तुला!" मोरीसने उत्तर दिलं आणि ब्रेक सोडले.